महाबळेश्वरच्या बागेतले पक्षी आणि वन्यजीव : वर्षभराचे छायाचित्रण

वन्यजीव छायाचित्रण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ताडोबाची जीप, हातभर लांबीची लेन्स आणि वाघ येतो. प्रत्यक्षात या छंदाची सुरुवात घराच्या मागच्या दारी, जास्वंदीच्या झुडपापाशी किंवा अंगणातल्या पाण्याच्या थाळ्यापाशी होऊ शकते. एकच बाग वर्षभर पाहिली तर तिथे येणारे पक्षी, फुलपाखरे, बेडूक आणि प्राणी ऋतूनुसार कसे बदलतात हे लक्षात येते. हा बदल टिपायला महाबळेश्वर ही महाराष्ट्रातली एक उत्तम जागा आहे.

या लेखात महाबळेश्वर परिसरातील बागांमध्ये आणि बागांना लागून असलेल्या जंगलात कोणत्या ऋतूत काय दिसते, त्याचा फोटो कसा काढावा, कॅमेरा कसा सांभाळावा आणि कायदा काय सांगतो, याची माहिती दिली आहे.

महाबळेश्वर वेगळे का?

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर साधारण १,३५० ते १,४०० मीटर उंचीवर वसले आहे. येथील सर्वात उंच ठिकाण, विल्सन पॉइंट, १,४३९ मीटरवर आहे. येथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाट उतरून वाईला गेले की पावसाचे प्रमाण याच्या पाचव्या भागाहूनही कमी होते. इतक्या थोड्या अंतरात हवामान एवढे बदलत असल्यामुळे सदाहरित जंगलातले आणि उघड्या माळावरचे असे दोन्ही प्रकारचे पक्षी एका दिवसाच्या फिरण्यात दिसतात.

माथ्यावरचे जंगल फार उंच नाही. वारा, पाऊस आणि जांभा दगडावरची पातळ माती यांमुळे झाडे बुटकी आणि दाट वाढतात. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही येथली मुख्य झाडे. झाडे बुटकी असल्याचा छायाचित्रकाराला मोठा फायदा होतो. इतरत्र जे पक्षी वीस-पंचवीस मीटर उंच शेंड्यावर बसतात, ते येथे डोळ्यांच्या पातळीच्या थोडेसेच वर सापडतात. पोटाखालून काढलेल्या फोटोपेक्षा समोरून काढलेला फोटो नेहमीच चांगला दिसतो.

गावात जुने बंगले आणि त्यांच्या मोठ्या बागा आहेत. गावाबाहेर स्ट्रॉबेरीचे मळे आहेत. या बागा आणि मळे जंगलाला अगदी खेटून असल्याने जंगलातला पक्षी सकाळी कुंपणावर येऊन बसणे ही येथे रोजची गोष्ट आहे. केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. दक्षिणेला कोयना अभयारण्य आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

कोणता कॅमेरा लागतो?

सुरुवातीला हाताशी असलेला मोबाइल पुरतो. फुलपाखरू, गोगलगाय, कोळी, बेडूक, अळंबी यांचे फोटो मोबाइलवर चांगले येतात. पक्षी मात्र जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी ३०० ते ६०० मिलिमीटर लेन्स असलेला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, नाहीतर जास्त झूमचा ब्रिज कॅमेरा उपयोगी पडतो. मोबाइलचा डिजिटल झूम ताणून काढलेल्या फोटोत पिसांचा तपशील राहत नाही. पण तो फोटो पक्षी ओळखण्यासाठी कामाला येतो, त्यामुळे तोही जपून ठेवावा.

सेटिंगबाबत काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

शटरचा वेग : हातात कॅमेरा धरून ४०० मिमी लेन्सने बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढताना शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे. उडणारा पक्षी किंवा फुलासमोर पंख फडफडवणारा शिंजीर असेल तर १/२००० सेकंदाच्या पुढे जावे लागते.

आयएसओ : दाट झाडीत प्रकाश कमी असतो. आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत वाढवायला कचरू नये. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो मात्र दुरुस्त करता येत नाही.

एक्स्पोजर : कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून प्रकाश मोजतो. धुक्याच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्यामुळे पक्षी काळा पडतो. अशा वेळी एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवावे. उलट पांढरा बगळा गर्द झाडीसमोर असेल तर ते थोडे कमी करावे.

फोकस : पक्ष्याच्या डोळ्यावर. डोळा स्पष्ट असेल तर शेपूट किंचित धूसर असली तरी फोटो चांगला वाटतो.

हिवाळा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी

सुरुवात करण्यासाठी हा सर्वात सोपा काळ. आकाश स्वच्छ असते, प्रकाश मऊ आणि तिरपा असतो आणि पक्षी उशिरापर्यंत उन्हात बसलेले सापडतात. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात. अशा थंड सकाळी पक्षी अंगावरची पिसे फुलवून बसतात, कारण पिसांमध्ये अडकलेली हवा अंगातली ऊब टिकवते. गोल गरगरीत दिसणाऱ्या बुलबुलाचा फोटो हमखास या दिवसांतला असतो.

याच काळात हिमालयातून आणि त्याही पलीकडून पाहुणे आलेले असतात. निळ्या टोपीचा कस्तूर हिमालयात वीण करतो आणि हिवाळा पश्चिम घाटातल्या झाडीत काढतो. नराचे डोके निळे, पोट तांबूस-नारिंगी आणि पंखावर पांढरा ठिपका असतो. तो फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो, त्यामुळे नवख्या छायाचित्रकारालाही संधी मिळते. निळसर-हिरवा नीलांग उघड्या फांदीवर बसून हवेतले किडे पकडतो आणि पुन्हा त्याच फांदीवर परततो. ही सवय ओळखली की त्याच्या मागे धावावे लागत नाही. फांदीवर फोकस लावून थांबले की पक्षी आपणहून चौकटीत येतो. ओढ्याकाठी आणि ओल्या रस्त्यांवर करडा धोबी शेपूट वरखाली हलवत फिरताना दिसतो.

स्ट्रॉबेरीची रोपे या दिवसांत फळांवर असतात. पिकलेले फळ बुलबुलांना आवडते. लाल गालांचा, तुरेवाला शिपाई बुलबुल आणि शेपटीखाली लाल असलेला लालबुड्या बुलबुल हे दोघेही मळ्याच्या कडेला थांबलेले असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान आहे, म्हणून मळ्यात शिरण्याआधी परवानगी घ्यावी आणि सरीतून चालताना रोपांवर, मल्चिंगच्या कागदावर पाय देऊ नये. पीक राखण्यासाठी लावलेल्या जाळीत पक्षी अडकलेला दिसला तर आधी मालकाला सांगून त्याला सोडवावे, फोटो नंतर.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. वर्षभराची नोंद सुरू करायला हा आठवडा सोयीचा आहे.

उन्हाळा : मार्च ते मे

पानगळीच्या झाडांना फुले येतात तेव्हा पक्ष्यांची चंगळ असते. हिवाळ्याच्या अखेरीस घाटातली काटेसावर आणि पांगारा फुलू लागतात. निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले, त्यांवर मैना, कोतवाल, हळद्या, बुलबुल आणि शिंजीर यांची ये-जा. पानांचा अडथळा नसल्याने फोटो मोकळा मिळतो. एका फुललेल्या झाडाजवळ दोन तास बसणे हे दहा ठिकाणी फिरण्यापेक्षा फायद्याचे ठरते. सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडावी.

बागेत शिंजीर जास्वंद आणि तत्सम फुलांवर येतात. महाबळेश्वरला जांभळ्या शिंजिराबरोबर पश्चिम घाटाबाहेर सहसा न आढळणारा लहान शिंजीरही दिसतो. त्याच्या नराच्या पाठीवर गडद किरमिजी रंग असतो. शिंजिराच्या पिसांची चमक प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असते. एका कोनातून काळा दिसणारा नर मान वळवताच जांभळा-हिरवा चमकतो. म्हणून एकच फोटो काढून थांबू नये, सलग पाच-सहा फ्रेम घ्याव्यात.

मार्च-एप्रिलमध्ये जांभळीला मोहर येतो. अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या गुच्छांनी भरतात. त्यावर सातेरी मधमाश्यांचा गुंजारव चालतो. महाबळेश्वरचा मध याच फुलोऱ्यावर उभा आहे. तालुक्यातल्या मांघर गावाला मे २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून ओळख मिळाली. मधमाशी फुलावर असताना तिचा फोटो काढायला सकाळी नऊच्या आतली वेळ चांगली. हवा थंड असताना ती संथ असते आणि वाऱ्याने फूलही कमी हलते. पोळ्याजवळ मात्र जाऊ नये.

राज्यप्राणी शेकरू याच दिवसांत मोकळेपणाने दिसतो. पिंगट-तांबूस अंग, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट यांवरून तो ओळखता येतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पाच-सहा मीटरची झेप घेतो. काटक्या-पानांची गोल घरटी तो फांद्यांच्या टोकाकडे बांधतो आणि एकच शेकरू अशी अनेक घरटी वापरतो. त्याचा चढा, खडखडाटी आवाज आधी कानांवर येतो. आवाजाच्या दिशेने धावत सुटण्यापेक्षा जागीच थांबावे. थोड्या वेळाने तो पुन्हा खायला लागतो.

कड्यांवरच्या पॉइंटांवर वेगळी संधी असते. दरीतून वर येणाऱ्या गरम हवेवर सर्पगरुड, ससाणे आणि पाकोळ्या तरंगतात. एरवी शिकारी पक्ष्याचे पोटच दिसते, इथे वरून त्याची पाठ दिसते. यासाठी सकाळी नऊ ते अकराची वेळ योग्य, कारण तेव्हा कडा तापून हवा वर चढू लागलेली असते. पण नजर कॅमेऱ्यात असताना पाय कुठे पडतो याचे भान सुटते. कठड्याच्या आतच उभे राहावे आणि कॅमेरा डोळ्याला लावून एकही पाऊल मागे-पुढे टाकू नये.

मेच्या अखेरीस करवंदे, जांभळे पिकतात. पावशाची साद दिवसभर आणि चांदण्या रात्रीही चालू असते. गावाकडची माणसे तिचा अर्थ 'पेरते व्हा' असा लावतात.

पावसाळा : जून ते सप्टेंबर

बहुतेक पर्यटक परततात तेव्हा महाबळेश्वरचे वन्यजीवन खऱ्या अर्थाने जागे होते. अनेक पक्ष्यांची वीण याच काळात असते, कारण पिलांना भरवायला अळ्या आणि किडे मुबलक असतात.

पावसाळ्याचा मुख्य गायक म्हणजे शीळकरी कस्तूर. पहाटे उजाडण्याआधी ओढ्याकाठून माणसाने घातल्यासारखी लांबलचक, रेंगाळणारी शीळ ऐकू येते. कुणी शाळकरी पोर रमतगमत शीळ घालत चालले आहे असे वाटते. पक्षी दिसायला काळा, पण खांद्यावर आणि कपाळावर गर्द निळा पट्टा असतो. हा निळा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो. प्रकाश योग्य कोनातून पडला तरच तो उजळतो. ढगाळ हवेत पक्षी मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसला की निळाई उमटते, दाट सावलीत तो नुसता काळाच दिसतो. त्याची घरटी ओढ्याकाठच्या कपारीत, धबधब्यांच्या आडोशाला असतात. तिथले खडक निसरडे असतात आणि ओढ्याला पाणी अचानक वाढते. त्यामुळे रस्त्यावरून किंवा पुलावरून जो फोटो मिळेल तोच घ्यावा.

बागेत या दिवसांत खाली पाहावे. कुंड्यांच्या कडेला बेडूक, भिंतीवर गोगलगायी, कुजक्या ओंडक्यावर अळंब्या, व्हरांड्यातल्या दिव्याभोवती पतंग. तळहाताहून मोठा ॲटलास पतंग दिसला तर तो सकाळपर्यंत त्याच भिंतीवर असण्याची शक्यता असते. या मोठ्या पतंगाला खाण्यासाठी तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो थोडेच दिवस जगतो. म्हणून त्याला हात लावून 'चांगल्या जागी' ठेवू नये, आहे तिथेच फोटो घ्यावा आणि रात्री दिवा लवकर मालवावा.

जुलै-ऑगस्टमध्ये सातभाईंच्या थव्याकडे लक्ष ठेवावे. पावशा आपले अंडे सातभाईच्या घरट्यात घालतो. मग एखादा सातभाई आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या, पोटभर ओरडणाऱ्या पिलाला भरवताना दिसतो. पिलू घरट्याबाहेर पडलेले असते, त्यामुळे घरटे न धुंडाळता दुरून असा फोटो मिळू शकतो.

सापांबाबत एक सूचना गंभीरपणे घ्यावी. हिरव्या रंगाचा चापडा आणि रंगांत विविधता असलेला मलबारी चापडा हे दोन्ही विषारी साप या परिसरात आढळतात. ते झुडपात, ओढ्याकाठी, कधी अंगणातल्या वेलीवरही तासन्‌तास न हलता बसतात. ते हलत नाहीत म्हणून माणूस मोबाइल घेऊन जवळ जातो आणि तिथेच घात होतो. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेले आहे. चापड्याच्या विषावर ते बनवलेले नाही. निदान दोन मीटर अंतर ठेवून लांब लेन्सनेच फोटो घ्यावा. मोबाइलच असेल तर फोटो सोडून द्यावा. दंश झालाच तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

कॅमेऱ्याचा शत्रू म्हणजे दमट हवा. सततच्या ओलाव्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि एकदा ती काचेच्या थरावर मुरली की पूर्ण निघत नाही. घरी आल्यावर कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसावा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरता येतात. ओली बॅग बंद करून ठेवणे ही सर्वात सामान्य चूक. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या लेन्सला रोज वापरातल्या लेन्सपेक्षा लवकर बुरशी लागते.

पाऊस पडतानाचा फोटो काढताना दोन पर्याय असतात. १/५०० च्या पुढे थेंब गोठलेले दिसतात. १/६० च्या आसपास पावसाच्या रेघा उमटतात, पण पक्षी स्थिर बसलेला हवा आणि कॅमेऱ्याला आधार हवा. व्हरांडा किंवा मोटारीची उघडी खिडक ही दोन्हींसाठी उत्तम जागा. मोटारीला पक्षी सहसा घाबरत नाहीत आणि खिडकीच्या काठावर तांदळाची छोटी पिशवी ठेवली की ट्रायपॉड लागत नाही.

पावसाळ्यानंतर : सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर

ऊन पडू लागले की उतारांवर सोनकीची पिवळी फुले पसरतात. तेरडा फुललेला असतो. हे फुलपाखरांचे दिवस. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू नीलवंत (ब्लू मॉर्मन) याच सुमारास बागेत सहज दिसते. मखमली काळे पंख आणि मागच्या पंखांवर निळी झळाळी. लिंबू-संत्र्याच्या वर्गातील झाडांवर त्याच्या अळ्या वाढतात, म्हणून बागेत लिंबाचे झाड असेल तर त्याच्या पानांवर लक्ष ठेवावे. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतची फोटोमालिका घरबसल्या करता येते. त्यासाठी औषधफवारणी मात्र थांबवावी लागते.

फुलपाखराजवळ जाताना स्वतःची सावली त्याच्यावर पडू देऊ नये. सकाळी ते पंख पसरून ऊन खाते, तेव्हा कॅमेरा पंखांच्या पातळीला समांतर ठेवावा म्हणजे दोन्ही पंख स्पष्ट येतात.

साताऱ्याजवळचे कास पठार याच काळात फुलते. ते २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाच्या स्थळांत समाविष्ट झाले. तेथे हंगामात प्रवेशाची संख्या मर्यादित असते आणि पायवाट सोडायची नसते. फुलांमध्ये आडवे पडून काढलेला एक फोटो पुढच्या वर्षीचे बी तुडवतो. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी फुलली असेल तर ती जांभळी टेकडी जरूर टिपावी. त्यानंतर ती झुडपे वाळतात आणि पुढचा बहर यायला तेवढीच वर्षे जातात.

घरटे, अंडी आणि कायदा

बागेत फोटो काढणाऱ्याला सर्वात मोठा मोह घरट्याचा असतो. पक्षी पुन्हा पुन्हा तिथेच येतो, पिले चोच उघडतात, फोटो सोपा वाटतो. पण नेमके इथेच सर्वाधिक नुकसान होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, तसेच अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. म्हणजे बंदूक हातात नसली तरी कॅमेऱ्यासाठी घरट्याशी केलेली छेडछाड कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. घर आपले आणि बाग आपली असली तरी घरटे पक्ष्याचेच असते. अनेक छायाचित्र स्पर्धाही घरट्यांचे फोटो स्वीकारत नाहीत.

नुकसान कसे होते ते समजून घेतले तर नियम पाळणे सोपे जाते. फोटोत अडथळा येणारी चार पाने कापली की घरट्यावर ऊन आणि पाऊस थेट पडतो. महाबळेश्वरच्या पावसात अर्धा तास उघडे राहिलेले घरटे थंड पडते. माणूस जवळ उभा असेपर्यंत पालक पक्षी पिलांकडे येत नाही. शिवाय कावळे आणि टकाचोर हे घरटी लुटणारे पक्षी उघड्या पडलेल्या घरट्यावर नजर ठेवून असतात. त्या दिवशी फोटो मिळतो, दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे असते आणि फोटो काढणाऱ्याला त्यामागचे कारण कधी कळतही नाही.

बुलबुल किंवा शिंजिराने कुंपणात घरटे केले असेल तर साडेतीन-चार आठवडे त्या बाजूची छाटणी आणि वर्दळ थांबवावी. पिले उडाली की पालक त्यांना फांदीवर भरवतात. तो प्रसंग दुरून टिपावा. पक्षी चोचीत किडा धरून खात नाही आणि तुमच्याकडे पाहत ओरडतो आहे, याचा अर्थ घरटे जवळ आहे आणि तुम्ही वाटेत आहात. अशा वेळी मागे फिरावे.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणेही टाळावे. विणीच्या काळात नर तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजतो आणि खाणे, पिलांना भरवणे सोडून त्याच्याशी भांडायला येतो. रात्री उदमांजर, घुबड यांच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. वानर-माकडांना फोटोसाठी खाऊ देऊ नये. त्यांना माणसाच्या हातून खायची सवय लागली की पुढे ती हिसकावू लागतात आणि त्रास गावाला होतो. रस्त्यावर रानगवा दिसला तर मोटारीतून उतरू नये. अभयारण्यात शिरताना वन विभागाची परवानगी आणि तेथील नियम लागू असतात.

बागेत पक्षी येण्यासाठी काय करावे?

खाद्यापेक्षा पाणी अधिक उपयोगी. मार्च ते मे या काळात उथळ, तीन-चार सेंटिमीटर खोलीचे मातीचे पसरट भांडे झुडपापासून दोन-तीन मीटरवर ठेवावे. मांजराला दबा धरता येणार नाही आणि पक्ष्याला चटकन झाडीत शिरता येईल, असे हे अंतर असते. पाणी रोज बदलावे. भांड्याशेजारी एक वाळकी फांदी रोवली की पक्षी आधी तिच्यावर बसतो आणि फोटो फांदीवर मिळतो.

शोभेच्या परदेशी झुडपांपेक्षा स्थानिक झाडे जास्त जीव पोसतात. जांभूळ, करवंद, पांगारा, उंबर, अंजनी यांची फुले-फळे, त्यांच्यावरचे किडे आणि अळ्या हे सगळे पक्ष्यांचे अन्न आहे. कोपऱ्यात थोडा पालापाचोळा राहू द्यावा. दयाळ, कस्तूर आणि सातभाई तो उपसून किडे शोधतात.

फोटोची नोंद होते तेव्हा

संगणकात पडून राहिलेल्या फोटोचा उपयोग एकालाच होतो. तारीख, वेळ, ठिकाण आणि जातीचे नाव जोडले की तो पुरावा ठरतो. ई-बर्डसारख्या मंचावर पक्ष्यांची यादी फोटोसह नोंदवता येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला होता आणि त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. या नोंदी देणाऱ्यांत हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा आहे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर बागेतल्या पक्ष्यांची गणना होते. त्यात निदान पंधरा मिनिटे एका जागी बसून दिसलेले सर्व पक्षी लिहायचे असतात. महाबळेश्वरच्या व्हरांड्यातूनही यात भाग घेता येतो.

एक काळजी घ्यावी. मोबाइल फोटोसोबत अक्षांश-रेखांशही साठवतो. घरटे, दुर्मीळ प्राणी किंवा सापाचा फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी ही माहिती काढून टाकावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते.

वर्षाचे वेळापत्रक थोडक्यात

नोव्हेंबर-डिसेंबर : हिवाळी पाहुणे, पक्षी सप्ताह, नोंदवहीची सुरुवात.
जानेवारी-फेब्रुवारी : थंडीत पिसे फुलवलेले पक्षी, वेण्णा तलावाकाठचे दव, सावर-पांगाऱ्याचा बहर, पक्षीगणना.
मार्च-एप्रिल : शिंजीर, मधमाश्या, कड्यांवरचे शिकारी पक्षी, पाण्याचे भांडे.
मे : शेकरू, करवंदे-जांभळांवरचे पक्षी, पावशाची साद.
जून-जुलै : शीळकरी कस्तूर, बेडूक, पतंग, लेन्सची निगा.
ऑगस्ट-सप्टेंबर : सातभाई आणि पावशाचे पिलू, अळंब्या, सोनकीची सुरुवात.
ऑक्टोबर : फुलपाखरे, परतीचे ऊन, पहिले धोबी.

हे वेळापत्रक पावसाप्रमाणे आठ-पंधरा दिवस मागेपुढे होते. ते नेमके किती झाले हे सांगणारी नोंद आपल्याच बागेत तयार होते. एकाच खिडकीतून, एकाच झाडाचा, दर रविवारी एक फोटो एवढेच केले तरी वर्षअखेर बावन्न फोटो हाती येतात. जांभळीला मोहर कधी आला, करडा धोबी कोणत्या आठवड्यात उतरला, शीळकरी कस्तूर कधी गप्प झाला, हे त्यांवरून दुसऱ्या वर्षी ताडून पाहता येते.